सामाईक विहिरीचा धनी कोण?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : कोल्हापुरातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या एका भगिनींनी लिहिले आहे. त्यांची कंपनी साखर कारखाने, दूध संस्था आणि पतसंस्था यांच्यासाठी प्रणाली तयार करते. एकूण अकरा प्रकल्प आहेत आणि ते सर्व ऑक्टोपस डिप्लॉय या साधनातून सर्व्हरवर चढवले जातात. प्रत्येक प्रकल्पाच्या व्हेरिएबल्सची, म्हणजे पत्ते, पासवर्ड अशा बदलता येणाऱ्या मूल्यांची, यादी स्वतंत्र आहे. गेल्या गळीत हंगामात एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पासवर्ड बदलला. तो दहा प्रकल्पांत बदलला गेला, अकराव्यात राहून गेला, आणि एका कारखान्याच्या ऊस उत्पादकांना वजनकाट्याचे संदेश दोन दिवस मिळाले नाहीत. आता मालकांचा आग्रह आहे की सर्व प्रकल्पांसाठी एकच सामाईक यादी करावी. त्यांचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना त्या ‘सर’ म्हणतात, याच्या ठाम विरोधात आहेत. ‘आज एक बंद पडला, उद्या एका चुकीने अकरा बंद पडतील,’ असे ते म्हणतात. भगिनींनी सर्व याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा ६३ व्हेरिएबल्सची मूल्ये तंतोतंत सारखी निघाली. ती सर्व उचलून एका ठिकाणी ठेवावीत का, आणि सरांना कसे पटवावे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

उत्तर :

आपले पत्र वाचून प्रथम समाधान वाटले ते यासाठी, की मालकांनी आग्रह धरल्याबरोबर आपण यादी करायला घेतली नाही; आधी अकरा प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. हे कंटाळवाणे काम बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. आता त्या ६३ नोंदींच्या कागदावरच पुढचा विचार करू.

मात्र त्याआधी एका गृहीतकाकडे लक्ष वेधतो. पासवर्ड अकरा ठिकाणी लिहिलेला होता म्हणून घोटाळा झाला, असे आपल्या पत्रात सर्वत्र मानलेले आहे. पासवर्ड एका ठिकाणी राहून गेला याचे कारण ते आहे, हे खरे. परंतु शेतकऱ्यांना दोन दिवस संदेश मिळाले नाहीत याचे कारण वेगळे आहे. संदेश जात नाहीत हे आपल्याकडे कोणालाच कळले नव्हते, ते कारखान्याच्या फोनवरून कळले. उद्या सामाईक यादी केली आणि तिच्यात पासवर्ड चुकीचा टाइप झाला, तर अकराही प्रकल्पांचे संदेश थांबतील आणि तेही आपल्याला फोनवरूनच कळेल. म्हणून यादीचा निर्णय काहीही होवो, प्रत्येक डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे प्रणाली सर्व्हरवर चढवण्याच्या, शेवटी एक चाचणी संदेश कार्यालयातील एखाद्या मोबाइलवर खरोखर पाठवून पाहण्याची पायरी आजच जोडा, आणि संदेश नाकारले जाण्याचे प्रमाण वाढले की इशारा येईल अशी सोय करा. हे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला सरांचा विरोध असणार नाही.

आता त्या ६३ व्हेरिएबल्सकडे येतो. दोन गोष्टी सारख्या असणे आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट असणे यांत मोठा फरक आहे. आमच्या गावाकडे चार भावांची एक विहीर आहे. ती चौघांच्या सात-बारावर सामाईक म्हणून नोंदलेली आहे, कारण ती खरोखर एकच आहे. तिचे पाणी खाली गेले तर चौघांचेही खाली जाते. चौघांकडे फवारणीचे पंपही एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे आहेत, पण म्हणून ते पंप कोणी सामाईक म्हणत नाही. एकाने उद्या मोठा पंप घेतला तर बाकीच्यांचे काही अडत नाही. आपल्या कागदावरील ६३ नोंदींत काही विहिरी आहेत आणि काही पंप, आणि केवळ मूल्ये ताडून त्यांतला फरक दिसत नाही.

तो दिसावा म्हणून प्रत्येक नोंदीसमोर एक प्रश्न विचारा : हे मूल्य उद्या बदलले, तर ते सर्व प्रकल्पांत एकाच कारणाने आणि एकाच दिवशी बदलेल का? एसएमएस सेवेचा पत्ता, ई-मेल सर्व्हरचा पत्ता, बॅकअप ज्या साठ्यावर जातो त्याचा पत्ता यांचे उत्तर सहज ‘होय’ येईल. परंतु डेटाबेसच्या उत्तराची ३० सेकंद वाट पाहायची, लॉग ९० दिवस ठेवायचे, एका पानावर ५० नोंदी दाखवायच्या, अशा प्रकारची मूल्ये आपल्याही यादीत नक्की असतील. ती सारखी दिसतात, कारण पहिल्या प्रकल्पावरून दुसरा नकलून घेतला, दुसऱ्यावरून तिसरा. ही नकलेची साम्ये आहेत. पतसंस्थेच्या वर्षअखेरीच्या अहवालाला ३० सेकंद पुरत नाहीत म्हणून कोणी ते सामाईक मूल्य ३०० केले, तर दूध संकलन केंद्रावरचा पडदाही, सर्व्हर बंद असताना, पाच मिनिटे गोठून राहील आणि रांगेत उभ्या असलेल्या गवळ्याला त्याचे कारण कोणी सांगू शकणार नाही. अशी मूल्ये ज्याची त्याच्याकडे राहू द्या. ती अकरा ठिकाणी लिहिलेली असणे हा दोष नाही.

एसएमएसच्या बाबतीत अधिक थांबावे लागेल, कारण आपला मूळ घोटाळा तेथेच झाला आणि पुढचा मोठा घोटाळा होण्याचा धोकाही तेथेच आहे. सेवेचा पत्ता आणि आपल्या कंपनीच्या खात्याचा पासवर्ड सामाईक आहे, यात वाद नाही. परंतु ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनंतर व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर स्वतःची नोंदणी करावी लागते, संदेशावर दिसणारे हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, नोंदवावे लागते आणि मजकुराचा नमुनाही मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे नोंदणी क्रमांक, हेडर आणि नमुन्याचा क्रमांक हे त्या त्या कारखान्याचे किंवा संस्थेचे असतात. आपल्या एखाद्या ग्राहकाच्या दोन-तीन प्रणाली असतील तर त्या प्रकल्पांत हे क्रमांक सारखे दिसतील, आणि घाईत ते ‘एसएमएस’ या शीर्षकाखाली सर्वांसाठीच्या यादीत जातील. मग एका कारखान्याच्या उसाचा संदेश दुसऱ्याच्या नावाने जाऊ पाहील. नमुना जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो अडवेल, आणि चुकून जुळला तर सभासद दुसऱ्या कारखान्याच्या नावाने आलेले वजन वाचत बसेल.

आपण वापरता त्या साधनात यासाठी वेगळी सोय आहे, ती आपण वापरत नसाल असे पत्रावरून वाटते. ऑक्टोपसच्या लायब्ररी व्हेरिएबल सेटमध्ये, म्हणजे अनेक प्रकल्पांना जोडता येणाऱ्या सामाईक यादीत, व्हेरिएबल मूल्यासह ठेवता येते, तसाच मूल्याविना केवळ त्याचा साचाही ठेवता येतो. ग्राहक संस्थांना आपण साधनात टेनंट (स्वतंत्र ग्राहक) म्हणून नोंदवले असेल, तर ‘हेडर’ हे नाव आणि त्याचे वर्णन सामाईक राहते आणि प्रत्यक्ष मूल्य प्रत्येक टेनंटसाठी एकदाच भरले जाते. त्या संस्थेच्या ज्या ज्या प्रकल्पांना तो सेट जोडलेला आहे, त्या सर्वांना ते मिळते. म्हणजे प्रश्नाचा साचा सर्वांचा आणि उत्तर ज्याचे त्याचे. आपल्यासारख्या, अनेक संस्थांना थोड्याफार फरकाने तीच प्रणाली देणाऱ्या कंपन्यांना याचा फार उपयोग होतो.

आपल्या यादीत जीएसटीचा दर व्हेरिएबल म्हणून आहे, असे आपण जाता जाता लिहिले आहे. तो सामाईक यादीत नको आणि प्रकल्पाच्या यादीतही नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप आणि लोणी यांवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या प्रणालीत दर हा एकच आकडा असतो, तिला त्या मध्यरात्री डिप्लॉयमेंट करावी लागते, आणि नंतर २१ तारखेच्या बिलावरचा माल परत आला की जुना दर कोठून आणायचा हा प्रश्न उभा राहतो. जो आकडा तारखेबरोबर बदलतो आणि ज्याची जुनी किंमतही लागत राहते, त्याची जागा डेटाबेसमध्ये, ‘या तारखेपासून लागू’ अशा रकान्यासह आहे. कॉन्फिगरेशन म्हणजे प्रणाली कोठे बसवली आहे यानुसार बदलणारी माहिती. कायद्यानुसार बदलणारी माहिती हा वेगळा प्रकार आहे.

डेटाबेसचे पासवर्डही आपल्या ६३ मध्ये आहेत का, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. असतील तर ते सामाईक करू नयेत. उलट ते सारखे आहेत हीच दुरुस्त करण्याची गोष्ट आहे. प्रत्येक प्रणालीला डेटाबेसचे स्वतःचे खाते द्या आणि त्या खात्याला लागेल तेवढाच अधिकार द्या. एका पतसंस्थेच्या प्रणालीतून पासवर्ड फुटला, तर दुसऱ्या पतसंस्थेच्या ठेवीदारांची माहिती उघडी पडता कामा नये. जे पासवर्ड खरोखर एकच आहेत, ते ‘सेन्सिटिव्ह’ प्रकारात ठेवा. ते सांकेतिक रूपात साठवले जातात आणि एकदा जतन केल्यावर पडद्यावर पुन्हा वाचता येत नाहीत. म्हणून त्यांची मूळ प्रत कंपनीच्या पासवर्ड व्यवस्थापकात असली पाहिजे. टीमच्या चॅटमध्ये किंवा कोणाच्या वहीत ती असणे पुरेसे नाही.

माझा अंदाज असा आहे की ही गाळणी लावल्यावर ६३ पैकी फार तर दहा-पंधरा नोंदी उरतील. त्या मात्र निःसंकोच सामाईक करा. त्यांच्यासाठीही एकच मोठा सेट करू नका. ‘एसएमएस सेवा’, ‘ई-मेल’, ‘बॅकअप’ असे विषयवार लहान सेट करा आणि ज्या प्रकल्पाला जे लागते तेवढेच त्याला जोडा. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे ‘कॉमन’ नावाचा एक सेट होता. ज्याला जे कोठे ठेवावे सुचत नसे, ते तो त्यात टाकत असे. काही वर्षांनी त्यातील निम्म्या नोंदी कोणी वापरते की नाही हे सांगणारा माणूस उरला नव्हता, आणि त्यामुळे एकही नोंद काढायचे धाडस कोणी करत नव्हते. ज्या सेटच्या नावावरून त्यात काय असू नये हे कळत नाही, तो सेट असाच वाढतो.

साधनाच्या वागण्यातील दोन बारकावे आपल्याला आधी माहीत असले पाहिजेत, कारण मालकांची अपेक्षा अशी असेल की एका जागी मूल्य बदलले की सर्वत्र लगेच बदलेल. तसे होत नाही. ऑक्टोपस रिलीज, म्हणजे चढवायची आवृत्ती, तयार करतानाच प्रकल्पाच्या आणि सेटमधील त्या वेळच्या व्हेरिएबल्सची प्रत गोठवून ठेवतो; टेनंटनुसार भरलेली मूल्ये मात्र यात गोठत नाहीत. नंतर सेटमध्ये पासवर्ड बदलला तरी आधी तयार केलेला रिलीज जुन्याच पासवर्डाने चढतो. नवा रिलीज तयार करावा लागतो किंवा जुन्या रिलीजवरील व्हेरिएबल्स मुद्दाम अद्ययावत करावी लागतात. आणि तसे करताना केवळ पासवर्ड नव्हे, तर दरम्यान कोणी केलेले इतर बदलही त्यासोबत येतात. ही रचना सदोष नाही. महिनाभरापूर्वी तपासलेला रिलीज आजही तसाच चढावा, यासाठी ती आहे. परंतु याचा अर्थ असा, की मूल्य एका जागी बदलल्यानंतरही अकरा प्रकल्प पुन्हा डिप्लॉय करावेच लागतात आणि अकरावा राहून जाण्याची शक्यता तशीच राहते. सेट जोडलेल्या प्रकल्पांची यादी आणि त्यांतील कोणते पुन्हा चढवले याची खूण ठेवणे तरीही आवश्यक आहे.

दुसरा बारकावा नावांचा. एकच नाव प्रकल्पातही असेल आणि जोडलेल्या सेटमध्येही असेल, तर ज्याची व्याप्ती, म्हणजे ते कोणत्या सर्व्हरला किंवा ग्राहकाला लागू आहे ते, अधिक नेमकी, ते मूल्य निवडले जाते. व्याप्ती सारखीच असेल तर प्रकल्पाचे मूल्य वरचढ ठरते. म्हणजे सेट जोडला आणि प्रकल्पातील जुनी नोंद पुसायची राहिली, तर सेटमधील नवा पासवर्ड त्या प्रकल्पापर्यंत कधी पोहोचणारच नाही, आणि आपण मात्र निश्चिंत असू. दोन वेगवेगळ्या सेटमध्ये एकच नाव सारख्याच व्याप्तीने असेल, तर कोणते मूल्य निवडले जाईल याची काहीच खात्री देता येत नाही. म्हणून सामाईक व्हेरिएबल्सच्या नावाची सुरुवात सेटच्या नावाने करा, म्हणजे प्रकल्पातील नावाशी ते कधी धडकणार नाही आणि कोड वाचणाऱ्यालाही मूल्य कोठून आले ते कळेल.

आणि वापरातून गेलेले नाव नव्या अर्थाने पुन्हा वापरू नका. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत असेच झाले. जुन्या, वापरात नसलेल्या कार्यासाठीचा एक फ्लॅग, म्हणजे कार्य चालू करणारी खूण, नव्या कार्यासाठी वापरला गेला. नवा कोड आठ सर्व्हरवर चढायचा होता; एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला. त्या सर्व्हरवर फ्लॅगचा जुना अर्थ जिवंत होता. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. आठांतला एक सर्व्हर आणि आपला अकरांतला एक प्रकल्प यांत जातकुळीचा फरक नाही. सामाईक नावाचा अर्थ अनेक घरांत पोहोचलेला असतो; तो बदलायचा असेल तर नवे नाव घ्यावे आणि जुने सर्वांनी सोडल्यावरच काढावे.

आता आपल्या सरांविषयी. त्यांना पटवायचे कसे, असे आपण विचारता, यात ते चुकीचे आहेत हे गृहीत आहे. मला ते तसे वाटत नाहीत. एका चुकीने अकरा प्रकल्प बंद पडू शकतात हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि सामाईक यादीची हीच किंमत आहे. ती किंमत कमी करता येते. सामाईक मूल्य आधी केवळ चाचणीच्या सर्व्हरपुरते बदलावे, तेथे संदेश गेलेला पाहावा, मग सर्वांत लहान ग्राहकाकडे चढवावे, आणि त्यानंतर बाकीच्यांकडे. साधनात एकाच व्हेरिएबलला चाचणीसाठी एक आणि प्रत्यक्ष वापरासाठी दुसरे मूल्य देता येते, त्यामुळे हे अवघड नाही. मात्र सरांचा खरा प्रश्न याच्या मागे आहे, असे मला वाटते : आज प्रत्येक प्रकल्पाचा कोणी ना कोणी जबाबदार माणूस आहे, सामाईक सेटचा कोण असेल?

आमच्या विहिरीवर एकदा थोरल्या भावाने मोटारीचा स्टार्टर बदलला आणि तो कोणाला सांगायला विसरला. धाकट्याने रात्रीच्या पाळीला जुन्या सवयीने बटण दाबले, मोटार चालू झाली असे समजून तो घरी गेला, आणि सकाळी त्याचा ऊस कोरडाच होता. भांडण पाण्यावरून झाले नाही. स्टार्टर कोणी बदलायचा आणि कोणाला सांगायचे, यावरून झाले. तेव्हापासून मोटारीचे काम एकाच भावाकडे आहे आणि दुरुस्ती केली की तो त्याच दिवशी तिघांना कळवतो. आपल्या प्रत्येक सामाईक सेटलाही असा एक धनी हवा. सेट बदलण्याचा अधिकार त्याला आणि त्याच्या गैरहजेरीत आणखी एका व्यक्तीलाच असावा. साधनात तसे अधिकार वेगळे देता येतात आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंदही राहते. बदलाच्या आधी त्याने सर्व प्रकल्पप्रमुखांना लेखी कळवावे, आणि ज्याची डिप्लॉयमेंट त्या आठवड्यात शक्य नाही त्याला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क असावा.

इतर साधने वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडे लिहितो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत असतो. गिटलॅबमध्ये ग्रुपच्या पातळीवर व्हेरिएबल ठेवता येते आणि त्याखालील प्रकल्पांना ते आपोआप मिळते. प्रकल्पाने त्याच नावाचे स्वतःचे ठेवले तर प्रकल्पाचे चालते. गिटहबवर संस्था, रिपॉझिटरी आणि एन्व्हायर्नमेंट अशी उतरंड आहे आणि सर्वांत जवळचे मूल्य जिंकते. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये व्हेरिएबल ग्रुप असतात आणि ते की व्हॉल्ट या पासवर्डांच्या तिजोरीशी जोडता येतात. कुबरनेटीस वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : कॉन्फिगमॅप या मूल्यांच्या यादीतील मूल्य एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिले असेल तर पॉड, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, पुन्हा सुरू होईपर्यंत जुनेच मूल्य चालते, आणि सीक्रेट या गुप्त मूल्यांच्या यादीतील मजकूर बेस-६४ मध्ये दिसतो म्हणून तो सुरक्षित झालेला नसतो, तो कोणालाही एका आज्ञेत उलगडता येतो. ‘एका कारणाने, एका दिवशी’ हा प्रश्न मात्र साधन कोणतेही असले तरी आधी विचारावा.

सुरुवात केव्हा करावी, याबाबत माझे मत पक्के आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की त्यांच्या प्रकल्पांना हात लावू नका. पावसाळ्यात कारखाने बंद असताना हे काम करा. आधी एसएमएसचा एकच सेट, तोही एका पतसंस्थेच्या प्रकल्पाला जोडून. त्या प्रकल्पातील जुनी नोंद पुसा, नवा रिलीज तयार करा, संदेश आलेला पाहा. नंतर पासवर्ड मुद्दाम बदलून सर्व पायऱ्या पुन्हा करून पाहा, कारण हंगामात आपल्याला नेमके तेच करावे लागणार आहे. दोन आठवडे काही बिघडले नाही तर पुढचा प्रकल्प घ्या.

आणि सरांकडे जाताना पटवण्याचे मुद्दे नेऊ नका. तो ६३ नोंदींचा कागद घेऊन जा आणि यांतील विहिरी कोणत्या व पंप कोणते, हे त्यांनाच विचारा. अकरा प्रकल्पांचा इतिहास त्यांच्याइतका कोणाला माहीत असेल असे मला वाटत नाही. खुणा करून झाल्या, की एसएमएसच्या सेटचे धनी आपण व्हाल का, असेही विचारा. त्यांनी होकार दिला तर मालकांना पाठवायच्या टिपणावर त्यांचे नाव आपल्या नावाच्या आधी लिहा.